मानाची जागा

कानाझावातल्या घराची बैठक चिझुरूने पार मोकळी केली. भिंतीतल्या कोनाड्यात कॅमेलियाचं एक फूल तेवढं ठेवलं.

तामाएमावशी दारातच थबकली. "अगं, चोरी झाली की काय?"

"मीच काढलं सगळं. कसं शांत वाटतंय बघ!"

"डोंबलाची शांतता!"

चिझुरूने रीतीप्रमाणे मानाच्या पाहुणीला कोनाड्याकडे पाठ करून बसवलं आणि पुढे चहा ठेवला.

मावशी करवादली, "एवढं एक फूल, तेही माझ्या पाठीमागे! मी बघू काय?"

"तू कशाला बघतेस? बघायचंय मला," समोर बसत चिझुरू म्हणाली. "इतकी वर्षं त्या पसाऱ्यात तू धड दिसलीच नाहीस."

मावशीने किमोनोची कॉलर सारखी केली. "आधी सांगायचंस ना! केस तरी नीट विंचरून आले असते."