चौथ्या फेरीनंतर

न्हाव्याच्या बायकोने चाळीस वर्षांत एकदाही आपल्या नवऱ्याला डोक्याला हात लावू दिला नव्हता. "गावभरच्या डोक्यांना लागलेली कात्री माझ्या डोक्याला नको," असं तिचं ठरलेलं उत्तर. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातच तिने हे सांगून टाकलं होतं, आणि एकदा तिने सांगितलं की सांगितलं.

मग मक्केला, उमऱ्याच्या यात्रेला जायचं ठरलं. उमऱ्याचा शेवट केस कापून होतो. आधी अल्लाहच्या घराभोवती सात फेरे, मग दोन टेकड्यांच्या मध्ये सात येरझाऱ्या. त्यांना सई म्हणतात. सई संपली की पुरुषाने डोकं भादरायचं, बाईने बोटाच्या पेराएवढी बट कापायची. केस कापेपर्यंत माणूस एहराममध्ये, म्हणजे यात्रेच्या बंधनात, असतो. अत्तर लावायचं नाही, नख काढायचं नाही, अंगावरचा केसही तोडायचा नाही.

"माझी बट तुम्ही कापा," बायको म्हणाली. "पण दुकानातल्या कात्रीने नाही हं."

न्हाव्याने नवी कात्री घेतली. लहान, बोटभर पात्यांची. घेताना दुकानदाराशी धारेवरून एवढी हुज्जत घातली की तो म्हणाला, "चाचा, ऑपरेशन करायचंय का कुणाचं?"

"बायकोचे केस कापायचेत."

"मग ऑपरेशनच की."

हे तिला सांगितलं तेव्हा ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

फेरे नीट झाले. तिचे गुडघे धरले होते, पण गर्दीत तिने त्याच्या पांढऱ्या चादरीचं टोक घट्ट पकडलं आणि सातही फेरे पायी केले. सईला मात्र ती दमली. दुपारची वेळ, छताखालचा संगमरवरी रस्ता लांबच लांब, आणि हजारो पावलांचा आवाज. मध्ये हिरव्या दिव्यांचा टप्पा येतो, तिथे पुरुषांनी थोडं धावायचं असतं. न्हावी धावला की ती मागून म्हणायची, "पळा, पळा. दुकानात खुर्चीवरून उठायला सांगितलं की पाठ धरते."

चौथी येरझार संपली तेव्हा दोघं पहिल्याच टेकडीशी परत आले होते. ती कठड्याला टेकली.

"अहो, जरा बसते."

"बस की. कुणी मागे लागलंय का?"

"छातीत कसंतरी होतंय."

तो पाण्याचा पेला घेऊन आला तेव्हा ती बसल्या जागी कलंडली होती. लोकांनी जागा केली. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन धावत आली, तो त्यांच्या मागे. दवाखान्यात पडद्याआडच्या खाटेवर तिला ठेवलं, नळ्या लावल्या. ती एकदा शुद्धीवर आली आणि विचारलं, "किती राहिल्या?"

"तीन."

"ढकलखुर्ची घ्या. बसून करते."

"घेतो. तू आधी नीट हो."

त्यानंतर ती बोलली नाही. डॉक्टर आले, यंत्राकडे बघितलं, न्हाव्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेले. भाषा येत नसली तरी त्या हाताचा अर्थ त्याला कळला.

तो तिच्याजवळ उभा राहिला. श्वास लांब लांब पडत होता. न्हाव्याच्या धंद्यात एक गोष्ट कधीच होत नाही. अर्धं डोकं करून गिऱ्हाईक खुर्चीवरून उठवत नाहीत. वीज जावो, घरून बोलावणं येवो, दुकानात भांडण पेटो, हातातलं डोकं पुरं करायचं. त्याच्या बापाने त्याला हे एकच शिकवलं होतं, बाकी सगळं बघून बघून आलं. आणि ही आता अर्ध्यावर उठून चालली होती. तीन येरझाऱ्या काही आता होत नाहीत, पण शेवटचं काम तर आपल्या हातात आहे, असं त्याला वाटलं. त्याने कमरेच्या पट्ट्यातून कात्री काढली, तिच्या ओढणीखालून पांढरी बट ओढली, पेराएवढी मापली आणि कापली. बट त्याने मुठीत धरली. थोड्या वेळाने यंत्राचा आवाज बदलला आणि नर्स आत आली.

त्यांच्या गटाबरोबर एक मौलवी होते, तरुण, सगळ्यांना उमरा शिकवणारे. ते धापा टाकत पोचले. कागद भरायचे होते.

"चाचा, चाचींची सई झाली होती ना?"

न्हाव्याच्या मुठीत अजून बट होती. अर्ध्यावर केस कापले हे सांगायची त्याला लाज वाटली. ज्या कामात आयुष्य गेलं त्याच कामात आपण काहीतरी चुकीचं केलंय, एवढं त्याला कुठेतरी कळत होतं.

"झाली," तो म्हणाला. "केसही कापले. मीच कापले."

"अलहमदुलिल्लाह. उमरा पुरा करून गेल्या." मौलवींनी लिहून घेतलं. मग त्याच्याकडे बघितलं. "तुमचं डोकं राहिलं की."

"सवड कुठे मिळाली?"

मौलवींनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मयत धुवायच्या जागी गेले. लांबट बोळ, भिंतीला लागून बाकं, एका टोकाला पुरुषांची खोली, दुसऱ्या टोकाला बायकांची. धुणारी म्हातारी तिथलीच, दंडापर्यंत बाह्या सारलेली. मदतीला गटातली बेकरीवाली आत गेली. प्रवासात ही बेकरीवाली आणि न्हाव्याची बायको एकमेकींच्या शेजारी बसायच्या आणि आपापल्या नवऱ्यांची उणीदुणी काढायच्या.

न्हावी बाकावर बसला. अंगावर त्याच दोन पांढऱ्या चादरी होत्या, खालच्या काठाला धूळ लागलेली. शेजारी मौलवी. त्यांना वाटलं, दोन शब्द धीराचे बोलावेत.

"चाचा, इथे मरण यायलाही नशीब लागतं. आणि एहराममध्येच कुणी गेलं, तर त्याची गोष्टच वेगळी. त्याला इतर मयतांसारखा कापूर लावत नाहीत, सुगंध लावत नाहीत. बाई असली तर तोंड उघडं ठेवतात. ती एहराममध्येच राहते. कयामतच्या दिवशी सगळे उठतील तेव्हा ती लब्बैक, मी हजर आहे, म्हणत उठेल. जशी इथे म्हणत होती तशी." मग आपण भलतंच बोलून गेलो असं वाटून ते घाईने म्हणाले, "चाचींचा उमरा पुरा झाला, तेही काही थोडं नाही."

न्हाव्याने त्यांच्याकडे बघितलं.

"आणि सई अर्धी राहिली असली तर?"

"तर एहराममध्येच."

"केस कापले असले तरी?"

"सई पुरी व्हायच्या आधी कापले तर ते कापणं धरत नाहीत. चूक होते. त्याचा दंड द्यावा लागतो. पण एहराम सुटत नाही." मौलवी त्याच्याकडे वळले. "का विचारताय?"

बायकांच्या खोलीचं दार किलकिलं झालं. बेकरीवालीने डोकं बाहेर काढलं, हात ओले, डोळे लाल. "बोरीच्या पाल्याचं पाणी झालं. आता शेवटचं, कापराचं. ती म्हातारी खुणांनी विचारत होती, ही एहराममध्ये होती का म्हणून. मी डोक्यावरची बट दाखवली, कापलेली. म्हटलं उमरा पुरा झालाय हिचा." आणि दार लागलं.

न्हावी उठला. आतून बादलीत पाणी ओतल्याचा आवाज आला.

"नाही झाला," तो म्हणाला.

"काय?"

"चार झाल्या. तीन राहिल्या. बट मी दवाखान्यात कापली. जीव जात होता तेव्हा."

मौलवी बाकावरून ताडकन उठले. "चाचा, हे काय केलंत! आणि काल मला सांगितलंत—"

"थांबवा त्यांना. मला नंतर काय बोलायचं ते बोला."

मौलवींनी दार वाजवलं. बाईमाणसांची जागा, आत जाता येईना, म्हणून दाराला तोंड लावून म्हातारीच्या भाषेत ओरडले. आतला पाण्याचा आवाज थांबला. मग म्हातारीचा आवाज आला, एक छोटंसं वाक्य. मौलवी वळले नाहीत.

"काय म्हणाली?"

"उजव्या अंगावर ओतलंय."

दाराच्या फटीतून कापराचा वास बोळात आला. थंडगार, डोळ्यांना झोंबणारा. न्हावी तो वास टाळण्यासाठी मागे सरला, मग पुन्हा पुढे आला.

आत बादली उपडी केल्याचा आवाज झाला, मग नळ सुटला. साधं पाणी. बराच वेळ पाणी वाहत होतं. बेकरीवाली दुसऱ्यांदा बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा वेगळाच होता.

"तोंड होतं ना तुम्हाला? माझ्या हातून घडवलंत. मी बट धरून दाखवली त्या बाईला. माझ्या बोटांनी."

"होतं," न्हावी म्हणाला.

"मग?"

तिने ओढणीने हात पुसले, वास घेतला, पुन्हा पुसले आणि आत गेली.

न्हावी मौलवींकडे वळला. "हे कुणावर लिहिलं जाईल? बट कापली ते, कापूर लागला ते. तिच्यावर?"

मौलवी तरुण होते. पुस्तकात वाचलेलं आठवायला त्यांना वेळ लागला, की उत्तर माहीत असूनही द्यायला जीभ उचलत नव्हती, कोण जाणे.

"तिच्यावर काही नाही. ती बेशुद्ध होती, मग मयत. तिने काय केलं? तुमच्यावर."

"नक्की?"

"नक्की. आणि खोटं बोललात ते वेगळं."

"तेही माझ्यावरच ना?"

"तुमच्यावरच."

"मग ठीक आहे," न्हावी म्हणाला आणि पहिल्यांदा भिंतीला टेकून बसला.

दार पूर्ण उघडलं. कफन घातलेली ती फळीवर होती, चेहरा उघडा. म्हातारी बाजूला उभी होती. बाह्यांतून पाणी ठिबकत होतं. ती काहीतरी म्हणाली.

"म्हणते, पाच पाण्यांनी धुतलं," मौलवी म्हणाले. "जेवढं जाईल तेवढं घालवलं. केसांत थोडं राहिलंय."

न्हावी वाकला. चेहरा स्वच्छ होता, ओठ किंचित उघडे. कानामागे, जिथून त्याने बट ओढली होती तिथे, वास होता. फार नाही, पण होता. वास नाही असं कुणी म्हटलं असतं, तरी त्याने मान्य केलं नसतं.

"जनाज्याची वेळ होत आली," मौलवी हळू म्हणाले. "तुमची सई राहिलीय. एवढा खंड पडला, तेव्हा दफन झाल्यावर नव्यानेच करा. पहिलीपासून."

"सातही?"

"सातही."

"आणि तिच्या तीन? मी करू का?"

"तिच्या तशाच राहतील, चाचा. त्या आता कुणी पुऱ्या करायच्या नाहीत."

न्हाव्याने मान हलवली. मग फळीच्या डोक्याकडच्या बाजूला गेला, खांद्यावरची चादर आवळून घेतली आणि वाट बघत उभा राहिला, पायाकडून कुणीतरी उचलेल म्हणून.