बांधाच्या खाली कोण राहतं?

औषधांच्या दुकानात दिवसभर काउंटरमागे उभं राहून सेक्रेटरीबाईंच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या. घरी येऊन त्यांनी सोफ्यावर अंग टाकलं, तोच फोनवर वसाहतीच्या ग्रुपचा निरोप आला : 'तळ्याचं पाणी परत उतरलंय. होडी तळाला घासते. कमिटी झोपलीय का?'

कमिटी झोपली नव्हती. झोपायला मिळालं असतं तर मात्र तिला हवंच होतं.

हे सेक्रेटरीपद आपल्या गळ्यात कसं पडलं, ते बाईंना नीट आठवतही नव्हतं. बैठकीत सगळ्यांनी माना खाली घातल्या, यांची तेवढी वर राहिली, झालं! नवरा म्हणायचा, "सेक्रेटरी म्हणजे अख्ख्या वसाहतीची थोरली सून. राबायचंही तिनंच आणि ऐकून घ्यायचंही तिनंच."

वसाहत टेकडीच्या उतारावर होती. ती उभी राहिली तेव्हा एका ओढ्याला मातीचा बांध घालून हे तळं केलं होतं. सुट्टीच्या दिवशी होड्या निघायच्या, मुलं डुंबायची, म्हातारी माणसं बाकांवर बसायची. घरातलं कुणी गेलं की त्याच्या आठवणीला बांधावर एक झाड लावायचं, असंही सुरू झालं होतं. बाईंच्या सासूबाईंचं झाड तिथंच होतं. सासरे आप्पा रोज संध्याकाळी त्याच्याखाली बसून यायचे. "बसून करता काय?" असं कुणी विचारलं की म्हणायचे, "दिवसभराचं सांगतो तिला. होती तेव्हा ऐकायला तिला वेळ नसायचा."

तळ्यावर सगळ्यांचा जीव होता. ज्या बांधावर ते उभं होतं, त्याकडे मात्र कुणी ढुंकूनही बघत नव्हतं.

विमेवाल्यांनी तगादा लावला, म्हणून शेवटी बाईंनी एका इंजिनिअरबाईंना तपासणीला बोलावलं. त्यांची सगळी नोकरी धरणांवर गेली होती. गुडघे दुखत होते, तरी काठी टेकत त्या अख्खा बांध चालल्या. कमरेएवढं गवत काठीनं बाजूला करत त्या बघत होत्या आणि मधूनच सुस्कारा सोडत होत्या.

"ही झाडं कुणी लावली?"

"आम्हीच. छान दिसतात ना?"

"दिसतात छान. पण बांध म्हणजे दाबून बसवलेली माती. मुळं तिला सैल करतात. झाड वाऱ्यानं उन्मळलं तर बांधाचा लचका घेऊन पडतं, आणि मेलं तर मुळं कुजून आत पोकळ्या राहतात. त्यात घुशींना असल्या जागा फार आवडतात." मग त्या सांडव्यापाशी थांबल्या. जादा पाणी वाहून जायच्या त्या वाटेवर होडीवाल्या मंडळींनी फळ्या ठोकल्या होत्या. फळ्यांमागे पालापाचोळा तुंबला होता. "आणि हे काय?"

"पाणी टिकावं म्हणून. तरी उतरतंच. आता आणखी एक फळी चढवा म्हणतायत."

"पाणी उतरतं, तर ते जातं कुठे, हे कुणी विचारलं का?"

खरंच, कुणीच विचारलं नव्हतं.

"चला, खाली जाऊ," इंजिनिअरबाई म्हणाल्या.

इतकी वर्षं तळ्याकाठी राहून बाई बांधाच्या पलीकडे कधी उतरल्या नव्हत्या. खाली चिंचोळा रस्ता होता, एक लॉन्ड्री होती आणि बांधाला जवळजवळ पाठ टेकून एक पाळणाघर. अंगणात दोरीवर इवलेइवले कपडे वाळत होते. पाळणाघराच्या ताई मुलांना गोष्ट सांगत होत्या. पाहुण्यांना बघून त्या हसत पुढे आल्या.

"तुमच्या तळ्याची आमच्यावर कृपा आहे हं! या कोपऱ्यातली जमीन हल्ली कायम ओली असते. झाडांना पाणीच घालावं लागत नाही."

इंजिनिअरबाई वाकल्या. बांधाच्या पायथ्याशी, गवतातून, पाण्याची बारीक धार येत होती. त्यांनी ओंजळीत पाणी धरलं. "अजून स्वच्छ आहे. हे गढूळ झालं तर समजायचं, आतली माती वाहून चाललीय. तेव्हा मग विचार करत बसायचं नाही."

सेक्रेटरीबाईंनी ताईंना आपला नंबर दिला. "पाण्याचा रंग बदलला तर मला लगेच फोन करा. कसलाही संकोच करू नका."

बैठक झाली. बाईंनी सगळं सांगितलं. फळ्या काढाव्या लागतील, बांधावरची झाडं मुळासकट काढून माती पुन्हा दाबून बसवावी लागेल. एकच गलका उठला.

"आजवर काही झालं नाही, ते आत्ताच बरं होईल!" अध्यक्ष म्हणाले. ते दातांचे डॉक्टर होते.

बाई थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर, दात दुखत नाही म्हणून तपासायचा नाही, असं तुम्ही पेशंटला सांगता का?"

काही जण हसले. तेवढ्यात मागच्या खुर्चीतून आप्पा उठले. "माझ्या बायकोच्या झाडाला कुणी हात लावायचा नाही. सूनबाई, तूसुद्धा नाही."

विषय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला. घरी आप्पा कुणाशी न बोलता जेवले. बाईंनी भांडी घासता घासता नवऱ्याला सांगितलं, "मी राजीनामा देते. माझ्यानं आता होत नाही."

"दे," नवरा म्हणाला. "पण खालच्या मुलांकडे मग कोण बघणार?"

बाईंनी राजीनामा दिला नाही.

मग दोन दिवस जोराचा पाऊस झाला. तळं काठोकाठ भरलं. ग्रुपवर होड्यांचे फोटो झळकले, सगळे खूश! आणि दुपारी दुकानात गर्दी असताना बाईंचा फोन वाजला.

"बाई, पाळणाघरातून बोलतेय. ते पाणी आता चहासारखं येतंय हो."

बाईंनी हातातली गोळ्यांची पाकिटं तशीच ठेवली. रिक्षातूनच त्यांनी इंजिनिअरबाईंना फोन लावला. उत्तर तयार होतं. "आधी खालची माणसं हलवा. मग फळ्या काढा, पण एकेक. पाणी एकदम उतरलं तर बांधाचा आतला उतार घसरेल. मी वाळू, खडी आणि पंप घेऊन निघतेच."

बाईंनी ताईंना फोन करून मुलं बाहेर काढायला सांगितलं. कमिटीत कुणाला विचारायला वेळ नव्हता. नवरा पहार घेऊन धावत आला. पहिली फळी निघाली आणि पाणी धाडकन सांडव्यातून सुटलं. तळं रिकामं करायला बांधाच्या तळाशी नळ होता, त्याची झडप उघडायला गेले, तर ती गंजून बसलेली! कित्येक वर्षांत तिला कुणी हातच लावला नव्हता.

होडीवाले जमले. "कुणाच्या परवानगीनं चाललंय हे?" अध्यक्ष ओरडले. गर्दीतून आप्पाही आले. त्यांना वाटलं, झाडावरच घाव पडतोय. "मला फसवून करतेस हे?"

बाईंच्या अंगात भांडायचंही त्राण नव्हतं. चिखलानं भरलेला हात त्यांनी आप्पांपुढे धरला. "आप्पा, माझ्यावर नंतर रागवा. आत्ता फक्त माझ्याबरोबर खाली चला."

आप्पा खाली उतरले. पाळणाघरातल्या बायका मुलांना काखेत, कडेवर घेऊन बाहेर पळत होत्या. पायथ्याशी तांबूस पाणी बुडबुडत होतं. एका बाईनं आप्पांकडे पाहिलंही नाही, झोपेतलं एक मूल त्यांच्या हातात दिलं. "आजोबा, धरा जरा, आत अजून आहेत!"

आप्पा मूल घेऊन रस्त्याच्या वरच्या अंगाला चालत गेले. मूल जागं झालं, त्यांच्या शर्टाची कॉलर मुठीत धरून परत झोपलं. आप्पांनी मान वळवून बांधाकडे पाहिलं. वर त्यांचं झाड दिसत होतं, आणि त्याच्या बरोब्बर खाली ते गढूळ पाणी.

इंजिनिअरबाई आल्या. त्यांनी त्या जागेवर आधी वाळू, मग खडी टाकून घेतली, म्हणजे पाणी निघेल पण माती अडेल. पंप लावले. मघाशी ओरडणारे अध्यक्षही शर्टाच्या बाह्या दुमडून वाळूची पोती वाहत होते. संध्याकाळपर्यंत तळं निम्मं उतरलं आणि पायथ्याचं पाणी हळूहळू निवळलं.

बांध टिकला.

झाडं काढायची वेळ आली तेव्हा आप्पा म्हणाले, "आधी माझं काढा." खोड निघालं, मुळं खणली. मुळांमधून घुशीचं बीळ बांधाच्या पोटात गेलं होतं. आप्पांनी वाकून त्यात हात घातला. खांद्यापर्यंत हात आत गेला, तरी बोटांना शेवट लागेना!

ते तसेच चिखलात बसले. "सूनबाई," ते म्हणाले, "ती असती तर मला म्हणाली असती, माझ्या आठवणीपायी दुसऱ्यांच्या मुलांना कशाला बुडवता?"

बाई त्यांच्या शेजारी बसल्या. दोघांनाही लगेच उठवेना.

आता बांधावर फक्त आखूड गवत आहे. सासूबाईंच्या आठवणीचं नवं झाड पाळणाघराच्या पुढच्या अंगणात, बांधापासून चांगलं लांब लागलंय. महिन्यातून एकदा वसाहतीतली माणसं बांधावर फिरतात : कुठे ओल आहे, कुठे बीळ आहे, सांडवा मोकळा आहे, झडप फिरते आहे. ग्रुपवर अजून तक्रारी येतात, बांध बोडका दिसतो म्हणून. सेक्रेटरीबाई अजूनही दमतात. पावसाळे येतात आणि जातात, काहीच घडत नाही. काही न घडण्याचे आभार कुणी मानत नाही, आणि बाईंनी ती अपेक्षाही सोडलीय.

वाचकहो, आपल्यापैकी प्रत्येकजण कुठल्या ना कुठल्या बांधाच्या वरच्या अंगाला राहतो. पाणी दिसतं, वारा लागतो, खाली कोण आहे ते दिसत नाही. मजा आपण करायची आणि धोका दुसऱ्याच्या अंगणात सोडायचा, याला निष्काळजीपणा म्हणून भागणार नाही, तो अन्याय आहे. जे आपण हौसेनं बांधलं, ते नेटानं सांभाळायलाही हवं. कंटाळा आला तरी, दमलो तरी. कधीतरी वेळ काढून खाली उतरा, आणि तिथं कोण राहतं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून या.