तळ्याचं ओगराळं

"आजो, जादूच्या वस्तू हरवल्या की शेवटी जातात कुठे?" सेजलने जाडजूड पुस्तकातून डोकं वर काढलं. त्या पुस्तकात कुणाचा आरसा समुद्रात गेला होता, कुणाचं शिंग बर्फाखाली.

दत्ताराम नातीला पेज वाढत होता. "दुसरीकडचं मला ठाऊक नाही. आपल्या तळ्याचं ओगराळं हे बघ, माझ्या हातात आहे."

गोष्ट पद्मावतीची, दत्तारामच्या बायकोची. देवळामागचं तळं म्हणे पूर्वी लग्नाला भांडी द्यायचं. काठावर नारळ-विडा ठेवून मागणं करायचं, की सकाळी तांब्या-पितळेची भांडी पायरीला लागलेली असायची. कार्य उरकलं की धुऊन परत. एका नव्या नवरीने ओगराळं ठेवून घेतलं आणि तळ्याने हात आखडला तो कायमचा. "तेच हे," असं म्हणत पद्मावती दर चतुर्थीला त्याने चण्याच्या डाळीचं गोड मणगणं वाढायची.

तिला जाऊन आठ महिने झाले होते. सुनेने तिच्या साड्या वाटल्या, त्या दत्तारामने वाटू दिल्या. ओगराळ्याला मात्र त्याने कुणाला हात लावू दिला नव्हता.

"मग परत करूया ना! तळं पुन्हा भांडी देईल."

"देऊ दे नाहीतर न देऊ दे. हे मी सोडायचा नाही."

"म्हणजे त्या नवरीसारखा तूपण चोर!"

ते त्याला लागलं. दुपारी चिंच घेऊन तो घासायला बसला. परत करायचं तर लख्ख करूनच. ओगराळं आतून चकचकीत, पाठीमागून काळंकुट्ट. जादूच्या वस्तूची पाठ घासायची नसते, असं पद्मावती सांगायची. काळं सुटत गेलं तशी खाली अक्षरं दिसू लागली: सौ. कमलाक्षी गुरुदास.

दत्ताराम बघतच राहिला. मग एकटाच हसत सुटला. "काय गो बाई तू!"

कमलाक्षी ही पद्मावतीची मैत्रीण, पूर्वीची शेजारीण. आता पेडण्याला मुलाकडे असायची. दुसऱ्या दिवशी तो बसने तिच्याकडे गेला.

"आणलंत एकदाचं, भाऊजी!" ती म्हणाली. "तुमच्या गौरेशच्या बारशाला नेलं होतं तिने. मागायला गेले की बसवून घ्यायची, चहा ठेवायची, गप्पा मारायची आणि उठताना म्हणायची, उद्या ने. पस्तीस वर्षं मी उद्याच नेतेय."

हे माझ्याकडेच राहू दे, असं दत्तारामच्या ओठांवर आलं होतं. पण कमलाक्षीचं बोट नावावर नव्हतं. पद्मावतीच्या अंगठ्याने दांडा जिथे झिजला होता, तिथे ते फिरत होतं. त्याने पिशवी दुमडली.

"रिकाम्या हाताने जाता होय? थांबा."

घरी सेजल पायरीवरच बसली होती. "तळ्याने घेतलं?"

"घेतलं."

"आणि दिलं काय?"

त्याने पिशवीतून स्टीलचा डबा काढला. मणगणं अजून कोमट होतं. दोघांनी वाटीवाटीने खाल्लं. मग सेजल डबा धुवायला घेऊन बसली.

"आजो, याच्या खाली कमलाक्षीआजीचं नाव आहे. परत कधी करायचा?"

"ती मागायला येईल तेव्हा," दत्ताराम म्हणाला. "आणि हे बघ, पाठ घासू नकोस हां."