नाकापासून सोडलेला गोळा

कार्यशाळा म्हटलं की विज्ञान संग्रहालयातल्या निम्म्या लोकांना नेमका त्याच दिवशी ताप भरायचा. आणि का भरू नये? बाहेरून कुणीतरी येणार, खुर्च्या गोल मांडायला लावणार, जी माणसं रोज एका टेबलावर डबा खातात त्यांना एकमेकांची ओळख करून द्यायला लावणार. मग रंगीत चिठ्ठ्या भिंतीला चिकटवायच्या आणि संध्याकाळी त्याच केराच्या टोपलीत टाकायच्या. पण या खेपेला लंबकताईला खरोखरच ताप हवा होता. सकाळपासून दोनदा कपाळाला हात लावून पाहिला, गार ते गारच. मेला ताप, नको तेव्हा बरोबर येतो!

लंबकताई म्हणजे यांत्रिकीच्या दालनातली निवेदिका. तिचं खरं नाव फक्त गळ्यातल्या ओळखपत्रावर उरलं होतं. दालनाच्या मधोमध छतापासून तारेने एक लोखंडी गोळा टांगलेला, चांगला कलिंगडाएवढा. खेळ साधा. जमिनीवरच्या पिवळ्या पट्टीवर टाचा ठेवून उभं राहायचं, गोळा ओढून आणून नाकाच्या शेंड्याला टेकवायचा आणि सोडून द्यायचा. गोळा समोर जातो, परत येतो, सरळ तोंडावर येतो, पोरं किंचाळतात, आणि तो नाकाच्या अलीकडे थांबून माघारी वळतो. नुसता सोडलेला गोळा जिथून सोडला त्याहून वर चढूच शकत नाही. आपण मात्र हलायचं नाही. वर्षानुवर्षं ताई तिथे हाताची घडी घालून उभी राहायची, पापणीसुद्धा लवू द्यायची नाही, आणि गोळा वळला की म्हणायची, "बघा, विज्ञान दिलेला शब्द मोडत नाही!" असल्या टाळ्या पडायच्या की शेजारच्या दालनातली माणसं डोकावून जायची.

मग एके दिवशी ती हलली. गोळा आला आणि ताईने अशी मागे उडी मारली की थेट पायरीवर बसली. पोरं हसली. पोरांचं काय, ती हसणारच. पण दुसऱ्या दिवशीही तेच झालं, आणि तिसऱ्या वेळी तर तिने गोळा हातात धरला आणि सोडलाच नाही. मोठ्या साहेबांनी तिला खोलीत बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हते, फक्त त्यांना कुणाशी कडू बोलता यायचं नाही, म्हणून ते सगळं पुढे ढकलायचे. "ताई, काही दिवस सामानघर सांभाळा," ते म्हणाले. "कार्यशाळेत प्रत्येकाने आपापल्या दालनाचं प्रात्यक्षिक करायचंच आहे. तुमचं झालं की दालन तुमचं. नाही झालं तर... बघू."

त्या 'बघू'चा अर्थ न कळायला ताई काय कुकुलं बाळ होती? सामानघरात बसून ती लोकांच्या छत्र्या आणि पिशव्या घ्यायची, बिल्ले द्यायची, आणि भिंतीपलीकडून पोरांच्या किंकाळ्या ऐकू आल्या की हातातला बिल्ला तसाच धरून ऐकत राहायची. बिल्ले देणं हे वाईट काम नाही. पण ज्या बाईने आयुष्यभर पोरांचे आ वासलेले चेहरे पाहिले, तिला छत्र्यांकडे बघत बसवायचं म्हणजे काय ते तुम्हीच समजा.

आता, ती का हलली हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याच सुमाराला तिचा पुढचा दात तुटला होता. ऑफिसात तिने सांगितलं, न्हाणीघरात पाय घसरला. धादांत खोटं. झालं होतं असं की भावाची मुलगी, जिला घरात सगळे खारू म्हणायचे कारण ती सदा कशावर तरी चढलेली असायची, तिला घेऊन ताई बागेत गेली. खारू झोक्यावर बसली. ताईला मोठेपणाची हौस! झोका मागून ओढून फळी आपल्या हनुवटीला टेकवली आणि म्हणाली, "मी सोडते आणि इथेच उभी राहते. मला लागणार नाही बघ. आत्या रोज लोखंडी गोळ्यासमोर उभी राहते, तुझ्या झोक्याचं काय घेऊन बसलीस!" झोका गेला, आला, अलीकडेच थांबला. खारू खिदळली. पुन्हा गेला, आला, थोडा जवळ. ताईही हसत होती. पुढच्या वेळी मात्र फळी खाडकन तोंडावर बसली.

रक्त, दंतवैद्य, धावपळ. आणि त्या सगळ्याहून वाईट म्हणजे खारूचं रडणं. "आत्या, मी नाही मारलं, मी नाही मारलं," एवढंच ती घोकत होती. त्या दिवसापासून पोर झोक्याकडे फिरकली नाही. आणि ताईच्या मनात एकच गोष्ट रुतून बसली होती: लागणार नाही असं मी छातीठोक सांगितलं आणि लागलं. डोक्याला समजावलं तरी अंग ऐकेना. गोळा दिसला की बसवलेला नवा दातसुद्धा ठणकायचा, आणि तो तर चिनी मातीचा!

तर कार्यशाळा सुरू झाली. शिकवायला आलेल्या बाई ठेंगण्या, चष्मेवाल्या, आवाज असा की माईकने लाजावं. चिठ्ठ्या नाहीत की ओळखपाळख नाही. त्यांनी फळ्यावर एकच ओळ लिहिली: काय दिसलं ते सांगा, काय वाटलं ते नंतर.

"आज एकजण प्रात्यक्षिक करेल आणि एकजण बाजूला उभा राहून बघेल," बाई म्हणाल्या. "बघणाऱ्याने 'छान', 'वाईट' म्हणायचं नाही. जे डोळ्यांनी दिसलं तेवढंच बोलायचं. आपण पाहुण्यांना म्हणतो निरीक्षण करा, आणि आपण स्वतः वर्षानुवर्षं कुणाचं काही बघत नाही."

ताईला वाटलं, बाईने हे आपल्यावरच बेतलंय. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. प्रकाशाचं दालन झालं, ध्वनीचं झालं, मग जादूगार उठला. जादूगार म्हणजे थंड वायूचा खेळ करणारा गडी, अंगात चमचमता कोट, फूल गोठवून चुरा करायचा आणि दर वाक्याला हात असा हवेत उडवायचा की पोरांची नजर हलू नये. माणूस सोन्यासारखा, पण टाळीवाचून त्याला अन्न पचायचं नाही.

"आता यांत्रिकी," साहेब म्हणाले आणि त्यांनी ताईकडे न बघता स्वतःचे बूट बघितले.

सगळे उठून दालनात आले. ताई पिवळ्या पट्टीवर उभी राहिली. गोळा ओढला, नाकापाशी आणला. लोखंडाचा तो ओळखीचा गारवा नाकाला लागला, आणि तळव्यांना असा घाम फुटला की गोळा सटकेल की काय असं वाटलं. सोड, तिने स्वतःला सांगितलं. सोड ना गं बये! हात ढिम्म हलेनात. कुणीतरी खोकलं. सामानघरातल्या छत्र्या तिच्या डोळ्यांसमोर ओळीने उभ्या राहिल्या.

"आण ताई इकडे," जादूगार पुढे झाला. त्याला तिची लाज राखायची होती, त्यात खोट नव्हती. "मी करून दाखवतो, तू बघ. नंतर तू कर. चालेल ना बाई?"

"चालेल. ताई, तुम्ही बघणाऱ्या," बाई म्हणाल्या.

ताई बाजूला झाली. काम मिळालं की माणूस सावरतो. ती भिंतीशी उभी राहून फक्त बघू लागली. जादूगाराने टाचा पट्टीवर ठेवल्या, गोळा नाकाला लावला, सगळ्यांकडे बघून डोळा मारला. आणि त्याने गोळा सोडला तो त्याच्या सवयीने, हात हवेत उडवून, एक ऐटदार झटका देऊन.

ताईने तो हात पाहिला. मग गोळा पाहिला. पलीकडे तो नेहमीच्या खिडकीच्या चौकटीशी थांबायचा, आज तो चौकट ओलांडून वर गेला.

"मागे हो!" ती ओरडली. जादूगार हसत उभाच. हलायचं नाही हा नियम त्याला तोंडपाठ! ताईने झेप घेतली आणि त्याचा चमचमता कोट धरून असा हिसडला की कोटाची बाही टर्रकन उसवली आणि दोघं भुईवर आपटली. जिथे जादूगाराचं नाक होतं तिथून गोळा सूं करत पुढे गेला आणि मग माघारी वळला. दालनातली यंत्रं सांभाळणाऱ्या मेकॅनिकने धावत जाऊन तो थांबवला.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"माझं नाक!" जादूगार दोन्ही हातांनी नाक चाचपत म्हणाला. "आहे का गं?"

"आहे बाबा, आहे. आहे तसंच नकटं आहे," ताई म्हणाली, आणि मग सगळे एकदम हसले, जरा जास्तच जोरात, जसं संकट टळल्यावर हसतात तसं.

बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी ताईला हात देऊन उठवलं आणि विचारलं, "काय दिसलं?"

"त्याने सोडला नाही," ताई म्हणाली. "ढकलला. मनगटाने. तो झटका गोळ्यात गेला, म्हणून गोळा पलीकडे जास्त वर चढला, म्हणून इकडेही जास्त आला. गोळ्याचं काही चुकलं नाही. जेवढं दिलं तेवढं त्याने..."

आणि ती वाक्याच्या मधेच थांबली. तिच्या डोळ्यांसमोर गोळा नव्हता. दोन लहान पाय होते, पांढऱ्या मोज्यांतले. झोका पुढे गेला की ताठ होणारे, मागे आला की दुमडणारे. पुन्हा ताठ, पुन्हा दुमडलेले. दर खेपेला झोका थोडा जवळ येत होता, आणि आपण शहाण्या हसत उभ्या!

"अगं बाई," ताई स्वतःशीच म्हणाली. "खारूचे पाय!"

"कुणाचे पाय?" साहेबांनी विचारलं. त्यांना वाटलं, पडताना हिचं डोकं आपटलं.

मग ताईने सांगून टाकलं. झोका, फळी, दात, न्हाणीघराचं खोटं, सगळं. सांगताना तिला रडू येत होतं आणि हसूही. "इतके दिवस मला वाटत होतं, माझं अंगच भित्रं झालं. भित्रं कसलं! पोर पाय मारत होती, झोका वाढत होता, अंगाने ते बरोबर हेरलं होतं. डोकंच झोपलं होतं."

"मग आता?" बाईंनी विचारलं.

"आता सरका सगळे," ताई म्हणाली.

ती पट्टीवर उभी राहिली. गोळा नाकाला लावला. या वेळी तिने आधी हात पाहिले. बोटं सैल केली, अगदी झोपलेल्या मुलाच्या डोक्याखालचा हात काढून घ्यावा तशी. गोळा आपणहून सुटला. गेला, खिडकीच्या चौकटीशी थांबला, आणि निघाला. भीती वाटलीच, नाही कशाला म्हणा? नवा दात ठणकला. गोळा मोठा होत होत आला, सगळं दालन झाकलं गेलं, आणि तिच्या नाकाला गार वारा लागला. नुसता वारा. मग गोळा वळला.

ताई जागची हलली नव्हती. तिचा जीव असा भांड्यात पडला की ती तिथेच पट्टीवर बसून पदराने डोळे पुसू लागली. जादूगाराने एका बाहीने टाळ्या वाजवल्या, दुसरी लोंबत होती. बाई हळूच म्हणाल्या, "खरं सांगू? मी हे पंचवीस ठिकाणी शिकवते, पण स्वतः आजही एक पाऊल मागे उभी राहते."

साहेबांनी घसा साफ केला. "सामानघराची किल्ली उद्या देऊन टाका," ते म्हणाले. एवढं बोलायला त्यांना केवढं बरं वाटलं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

पण ताईचं मन काही तिथे नव्हतं. कार्यशाळा सुटली तशी ती चहालाही थांबली नाही, तडक भावाकडे गेली. खारू दारातच होती, जिन्याच्या कठड्यावर चढलेली.

"चल, बागेत."

"झोक्यावर नाही," खारू लगेच म्हणाली.

"माझ्याबरोबर नुसती बस. पाय मात्र ढिले सोडायचे, ओल्या कपड्यासारखे. अजिबात हलवायचे नाहीत. कबूल?"

खारूने कबूल केलं, पण फळीवर बसताना साखळ्या अशा घट्ट धरल्या की बोटं पांढरी पडली. ताईने झोका ओढला, फळी हनुवटीला टेकवली आणि बोटं सैल केली. झोका गेला, आला, अलीकडे थांबला. पुन्हा गेला, आला, आणखी अलीकडे थांबला. मान वळवून खारू आत्याकडे टक लावून बघत होती.

"लागत नाहीये," ती म्हणाली.

"नाही. त्या दिवशी तू पाय मारत होतीस. पुढे जाताना ताठ, मागे येताना दुमडून. आठवतं?"

खारूचा चेहरा कसनुसा झाला. "म्हणजे मीच मारलं."

"मारलं नाहीस गं राणी! तू झोका वाढवलास. एकटीने, कुणी न ढकलता. आणि तुझी शहाणी आत्या वाटेत उभी होती. चूक कुणाची?"

झोका हळूहळू मंदावला. तिने एक पाय किंचित पुढे करून पाहिला, मग दुसरा.

"हे मला कुणी शिकवलं?" तिने विचारलं.

"कुणीच नाही. तुझं तुलाच आलं."

खारूने साखळ्यांवरची पकड बदलली आणि नीट बसून घेतलं.

"मग आत्या, तू आता बाजूला हो," ती म्हणाली. "मला उंच जायचंय."