भरवशाची किल्ली

मी एक जुनी किल्ली आहे. त्यातही पहिली नव्हे, दुसरी. पहिली किल्ली मालकाच्या खिशात फिरते, चार ठिकाणी मिरवते. दुसरीच्या नशिबी खिळा. पण मित्रांनो, खिळ्यावर लटकून माणसं जितकी कळतात, तितकी खिशात बसून कळत नाहीत. खिशातून फक्त मांडी दिसते.

माझा जन्म रस्त्याच्या कडेला, एका लाकडी पेटीसमोर झाला. किल्लीवाल्याने पितळेचा कोरा तुकडा चिमट्यात धरला, शेजारी माझी थोरली बहीण ठेवली आणि तिच्याकडे बघत बघत मला कानशीने घासायला घेतलं. तेवढ्यात कुणीतरी त्याला हाक मारली. त्याने मान वळवली, हात मात्र चालूच राहिला, आणि माझा एक दात जरा जास्तच घासला गेला. त्यामुळे मी कुलपात सरळ फिरेना. दाराची मूठ धरून दार किंचित वर उचलायचं आणि मग मला फिरवायचं, तेव्हा कुठे मी वळायचे.

गिऱ्हाईक होता एका दवाखान्यातला कंपाउंडर. तो म्हणाला, "अहो, ही अडतेय."

किल्लीवाल्याला लाज म्हणून वाटली नाही. म्हणाला, "साहेब, पहिली किल्ली मालकाची, दुसरी भरवशाची. भरवशाच्या माणसाला दार उचलायचं सांगून ठेवा. चोराला थोडंच सांगणार आहात?" चूक स्वतःची आणि ज्ञान गिऱ्हाइकाला; वर पैसे पूर्ण घेतले. पण त्याचं ते वाक्य मी आजवर जपून ठेवलं आहे.

कंपाउंडर पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायचा. घरात तो आणि त्याची मुलगी. ती एका जागी कधी उभी राहत नसे म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. तिची आई भिंतीवरच्या फोटोत होती. कंपाउंडर दिवसभर दवाखान्यात गुलाबी औषधाच्या बाटल्या भरायचा, त्यांवर डोसाच्या कागदी पट्ट्या चिकटवायचा. भिंगरीची शाळा मात्र दुपारीच सुटायची. बंद दारासमोर पोरीने बसायचं कुठे? म्हणून मला समोरच्या दारी, मावशींकडे ठेवण्यात आलं.

मावशी कुणाचीच सख्खी मावशी नव्हती, म्हणून अख्ख्या इमारतीची मावशी होती. ती शिवणकाम करायची. मशीनच्या वर एक खिळा होता. त्यावर तिची कापडी टेप लटकायची. त्याच खिळ्यावर मी गेले. टेप माणसांची मापं घ्यायची आणि मी त्यांचे हिशेब ठेवायचे. आमचं छान जमलं.

भिंगरी धावत यायची, दप्तर फेकायची, हात पुढे करायची. "मावशी, किल्ली!"

मावशी मशीन थांबवत नसे. "आधी हात धू, मग किल्ली."

"धुतलेत!"

"मग ती शाई काय जन्मखूण आहे? जा."

भिंगरी हात धुऊन यायची. मग पोळीचा एक घास, मग आज शाळेत कोण रडलं त्याची बातमी, आणि मग मी. रोजचा हा जकातनाका. घर समोर चार पावलांवर असलं तरी जकात चुकवून जाता यायचं नाही. खरं सांगते, मला तो उशीर फार आवडायचा.

हळूहळू खिळ्यावर गर्दी झाली. वरच्या मजल्यावरच्या गवंड्याची किल्ली आली, बसवर वाहक असलेल्या बाईंची आली, तळमजल्यावरच्या सायकलवाल्याची आली. माणसांचा एक नमुना तेव्हा माझ्या ध्यानात आला. भांडण झालं की लोक तोंड फुगवून येत आणि म्हणत, "आमची किल्ली द्या हो परत." मावशीही तोंड न उघडता द्यायची. काही दिवसांनी तोच माणूस खाली बघत दारात उभा. "राहू दे तुमच्याकडेच. आमच्या घरात काही सापडत नाही." संपलं भांडण. माफी मागावी लागली नाही आणि कुणाचं काही कमीही झालं नाही. म्हणून मी माणसं मोजायची ती अशी: खिळ्यावर किल्ल्या जितक्या, तितके शेजारी जमा. बाकीचे नुसते जिन्यात भेटणारे.

कंपाउंडर संध्याकाळी दमून यायचा, माझ्याकडे एकदा बघायचा आणि म्हणायचा, "मावशी, ज्या गावात आपली किल्ली ठेवायला एक घर आहे, ते आपलं गाव."

"आणि किल्ली घ्यायला वेळेवर येतो, तो आपला बाप," मावशी म्हणायची. "पोर केव्हाची पेंगतेय. उचला तिला."

मग एके दिवशी टेपा घेतलेली काही माणसं रस्त्यावर आली. आमच्या खिळ्यावरच्या टेपला वाटलं, नातलग आले. पण त्या लोखंडी टेपा होत्या. माणसांची मापं घेणाऱ्या नव्हत्या. त्यांनी रस्ता मोजला, झाडं मोजली, आमची इमारत मोजली. त्यानंतर आमच्या गावाला अंग फुटलं. रस्ता रुंद झाला आणि ओलांडायला अवघड झाला. सायकलवाल्याच्या जागी काचेचं दुकान आलं. तिथे मेणबत्त्या वासासाठी विकत, उजेडासाठी नाही. डॉक्टर वारले, आणि दवाखान्याच्या जागी चेहरे उजळून देणारं काहीतरी निघालं. कंपाउंडर एकदा त्या दारासमोर उभा राहिला, तर आतल्या मुलीने त्याला विचारलं, "अपॉइंटमेंट आहे का?" तो म्हणाला, "होती. संपली."

समोर उंच इमारत उठली. तिच्या सावलीने मावशीच्या गॅलरीतलं ऊन नेलं ते नेलंच. संध्याकाळी त्या इमारतीच्या बहुतेक खिडक्या काळ्याच असायच्या.

"एवढी घरं, आणि माणसं कुठायत?" कंपाउंडरने विचारलं.

"अहो, ती राहायला नाही घेतलेली," मावशी म्हणाली. "ठेवायला घेतलीयत. तुमच्या बाटल्यांसारखी. लेबल लावून फळीवर."

घरं वाढली आणि शेजार घटला. बाहेर लोक म्हणत होते, गाव नफ्यात आहे. माझ्या खिळ्यावर मात्र नुसती वजाबाकी चालू होती. गवंड्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या भिंती बांधल्या, पण त्याला स्वतःचं भाडं परवडेना. तो किल्ली घेऊन गेला. वाहक बाई गेल्या. या वेळी कुणी भांडून किल्ली नेली नव्हती. म्हणूनच ती परत येणार नव्हती.

भिंगरी आता त्याच शाळेत शिकवायला लागली होती. ती म्हणायची, "माझा पगार पायात चपला न घालताच निघून जातो." घरपट्टी वाढली, पाणीपट्टी वाढली, खालच्या दुकानातलं दूधसुद्धा महागून मोठ्या लोकांच्या ओळखीचं झालं. आणि शाळेत मुलं कमी होत गेली. ठेवलेल्या घरांना मुलं होत नाहीत, मित्रांनो.

तिला दूरच्या एका छोट्या गावातल्या शाळेने बोलावलं होतं. एका संध्याकाळी ती मावशीच्या मशीनशेजारी बसून बापाशी बोलली.

"बाबा, आपण इथे राहतो, का नुसते इथे राहण्याचे पैसे भरतो?"

"जन्म गेला माझा इथे."

"माझा तर जन्मच इथे झालाय. पण गावाला ते आठवतंय का?"

कंपाउंडरने माझ्याकडे बोट केलं. "ती तिथे आहे तोवर मी हलणार नाही."

भिंगरी हसली, पण तिचे डोळे हसले नाहीत. मावशीही काही बोलली नाही. ती बोलली नाही तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

मावशीची खोली भाड्याची होती. मालकाने ती विकली होती. तिचा भाचा तिला आपल्याकडे नेणार होता, आणि हे तिने सगळ्यांना सांगितलं. समोरच्या दाराला सोडून. माणसांची मला एवढी पारख, पण जिला सर्वांत जवळून पाहिलं तिचं हे मला कळलं नाही. ती रोज मनात म्हणत असणार, उद्या सांगू. अखेर टेम्पो खाली येऊन उभा राहिला तेव्हा सांगायचं काही उरलंच नव्हतं.

मशीन गेलं. टेप गुंडाळून पिशवीत गेली; आमचा निरोपही झाला नाही. रिकाम्या खोलीत मावशीने मला खिळ्यावरून काढलं आणि भिंगरीसमोर धरलं. "घे गं. तुमची वस्तू."

भिंगरीने हात पुढे केला नाही. ती वळली आणि मोरीकडे गेली. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग ती परत आली आणि दोन्ही ओले हात मावशीपुढे धरून उभी राहिली.

मावशीने मला त्या ओंजळीत ठेवलं. "अगं, साबण लावलास का?" एवढंच ती म्हणाली. दारात कंपाउंडर उभा होता. तो भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत होता.

कंपाउंडरने घरातच दाराशेजारी एक खिळा ठोकला आणि मला त्यावर टांगलं. आपली दुसरी किल्ली आपल्याच घरात ठेवायची, म्हणजे आपणच आपल्याला उसने देण्यासारखं. तरी त्याने खटपट केली. मला मुठीत धरून तो मेणबत्त्यांच्या दुकानात गेला. ते म्हणाले, आम्ही फक्त आमच्या वस्तू ठेवतो. मावशीच्या जागी आलेला तरुण भला होता. म्हणाला, "काका, आता नंबरची कुलपं मिळतात. किल्लीची भानगडच नको. कुणावर अवलंबून राहायला नको." कंपाउंडर म्हणाला, "पण मला राहायचंय ना अवलंबून." तरुणाला वाटलं, म्हातारा विनोद करतोय.

आणि मग तो दिवस आला. कंपाउंडर कचऱ्याची पिशवी ठेवायला बाहेर गेला आणि वाऱ्याने दार लागलं. आमचं कुलूप आपोआप बसणारं. मी आत, तो बाहेर, थोरली बहीण भिंगरीच्या पर्समध्ये शाळेत. पुढचं मला संध्याकाळी त्याच्याच तोंडून कळलं. तरुणाचं दार बंद होतं. कंपाउंडर घरच्या कपड्यांत, फाटक्या सपाता घालून खाली उतरला. पूर्वी बसायला बाक होता तिथे आता गाड्या लागत. ऊन फार होतं, म्हणून तो उंच इमारतीच्या फाटकाशी सावलीला उभा राहिला. पहारेकरी उठून आला. भला माणूस, बोललाही आदराने.

"काका, कुणाकडे आलात?"

कंपाउंडरने भिंगरीला हे सांगितलं तेव्हा तो चिडला नव्हता. पाण्याचा पेला हातात तसाच धरून म्हणाला, "इथेच जन्म घालवलेल्या माणसाला त्याने विचारलं, कुणाकडे आलात. आणि मला नाव सुचेना गं. खरंच, कुणाकडे?" मग पेला खाली ठेवून म्हणाला, "तुझ्या त्या शाळेला कळव. येतो म्हणावं."

इतके दिवस जे ऐकायला ती धडपडत होती, ते ऐकून भिंगरी रडली.

घर इमारती बांधणाऱ्यांनी घेतलं. शेवटच्या दिवशी त्यांचा माणूस किल्ल्या तपासायला आला. थोरली बहीण लोण्यासारखी फिरली. मग त्याने मला लावलं, डावीकडे पिळलं, उजवीकडे पिळलं. मी हलले नाही. "ही लागतच नाही. टाकून द्या," तो म्हणाला.

कंपाउंडर त्याच्या शेजारीच उभा होता. दार जरा वर उचला, एवढे शब्द फक्त लागत होते. आयुष्यभर ज्याने डोसाचा एक थेंब इकडचा तिकडे केला नाही, तो त्या दिवशी काही न बोलता खोटं बोलला. त्याने मला खिशात टाकलं. तेव्हा पहिल्यांदा मी खिशातून प्रवास केला. नुसती मांडी दिसत होती.

पुढे ती इमारत पाडली. माझं कुलूप भंगारात गेलं असेल. आता मी किल्ली आहे असं म्हणायचं ते केवळ आकारावरून.

नव्या गावात भाडं बेताचं आहे, ऊन गॅलरीत येतं, भिंगरीचा वर्ग भरलेला आहे. तरी कंपाउंडर झोपेतून उठला की चुकीच्या बाजूला दार शोधतो. समोर पंक्चरवाल्याचं घर आहे. ते दार वाजवायला त्याला फार दिवस लागले. एका सकाळी तो मला आणि नव्या घराच्या दुसऱ्या किल्लीला एकाच कडीत अडकवून तिथे गेला.

"वहिनी, ही आमची किल्ली तुमच्याकडे ठेवाल का?"

"ठेवते की. त्यात काय विचारायचं?" पंक्चरवाल्याची बायको म्हणाली. मग मला बोटाने बाजूला करत तिने विचारलं, "आणि ही कशाची?"

"ती जुन्या घराची."

"तिथे कोण असतं आता?"

"घरच नाही."

तिने मला काढून परत दिलं नाही. दोघींना तसंच खिळ्यावर अडकवलं. तिथेच मी आहे.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. आज घरी गेलात की विचारा, आपल्या घराची दुसरी किल्ली कुठे आहे. उत्तर 'घरातच' असं आलं, तर समोरचं दार एकदा वाजवून बघा. गावं मोठी होवोत, उंच होवोत. पण किल्ली ठेवायला एक घर शिल्लक राहू द्या. आणि कुणाची किल्ली तुमच्या खिळ्यावर असेल, तर तुम्ही फार श्रीमंत आहात. ती न्यायला कुणी धावत आलं तर लगेच देऊन टाकू नका. आधी हात धुवायला सांगा.