बोगद्यापलीकडची हाक

बोगद्याच्या तोंडाशी गाड्यांची रांग लागली होती आणि रांगेच्या टोकाला बोगदेबाबा एकेका गाडीवर तळहात टेकवून डोळे मिटत होते. बोगदा संपतो तिथेच रस्ता एकदम वळतो. त्या वळणावर गाड्या कठड्यावर आदळत, माणसं मरत. जे वाचत ते एकच सांगत, कुणीतरी हाक मारली आणि पुढचं कळलंच नाही. बोगदा खणताना गाडल्या गेलेल्या एका बाईचा हा आत्मा आहे, असं बाबांनी जाहीर करून टाकलं होतं.

"तिचं कंपन सूक्ष्म, माझ्या मंत्राचं अतिसूक्ष्म," बाबा समजावत. "अतिसूक्ष्मापुढे सूक्ष्माचं काय चालणार?"

काही चालणार नाही, हे पटून लोक माना डोलावत. मंत्रही काळाप्रमाणे बदललेला होता. बाबांच्या आवाजातला मंत्र रोज भक्तांच्या फोनवर येई. तो घेऊनही एखादा गेलाच, तर त्याची श्रद्धा पातळ पडली, असं सांगून बाबा मोकळे होत.

गावातल्या दवाखान्याची डॉक्टरीण हे सगळं हसण्यावारी नेत असे. मग एका दुपारी तिच्या धाकट्या दिरालाच स्ट्रेचरवरून आणलं. तो बेकरीची गाडी चालवायचा. हात मोडला होता, कपाळ फुटलं होतं, पण जिवाला धोका नव्हता. त्याच्या आधी आणलेल्या स्ट्रेचरवर मात्र तोंडावरून चादर ओढलेली होती. शाळा सुटल्यावर सायकलवरून घरी निघालेले आणि वळणावर त्याच्या गाडीखाली आलेले सर होते ते.

"वहिनी, हाक आली हो," दीर पुटपुटत राहिला. "मी नाही काही केलं."

सासूबाईंनी तेवढ्या शब्दांचा आधार घट्ट धरला. बाबांनी सांगितलंय, दोष त्या बाईचा आहे, तू याच्या डोक्यात भलतंसलतं भरवू नकोस, असं त्यांनी सुनेला बजावलं. पण टाके घालताना, कुठे दुखतं विचारावं तितक्या सहज तिने विचारलं, की हाक आली ती नेमकी कुठून? मागून की बाजूने?

त्याने डोळे मिटून आठवून पाहिलं.

"खालून," तो म्हणाला. "मांडीजवळून."

त्याच वॉर्डात वळणावरच्याच अपघातातला एक ट्रकवाला पडून होता. तिने त्यालाही तेच विचारलं. त्याने छातीवरच्या खिशावर बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती रिकाम्या अँब्युलन्समध्ये पुढे बसली आणि ड्रायव्हरला म्हणाली, हळू चला, पण नेहमीसारखं चला. माणूस सज्जन, निर्व्यसनी, बाबाच्या नादालाही न लागलेला. बोगद्यात शिरताच नेटवर्क गेलं. समोर उजेडाचा ठिपका मोठा होत गेला. गाडी बाहेर पडली आणि स्टिअरिंगजवळ ठेवलेला फोन थरथरला. पुन्हा थरथरला, पुन्हा. आत अडकून पडलेले सगळे निरोप एकदम येऊन पडत होते. ड्रायव्हरची नजर खाली गेली. कठडा समोरून अंगावर येत होता आणि शेजारचा माणूस जागेवर असून नसल्यासारखा होता.

ती ओरडली. ब्रेक लागला, बंपर दगडाला टेकला.

"बाई, मी समोरच बघत होतो," तो पांढराफटक पडून म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि त्यानेच तिच्या अंगावर काटा आला.

घरी येऊन तिने, पोलिसांना हाकेचाच जबाब देऊन दवाखान्यातून परतलेल्या दिराला सगळं सांगितलं. सासूबाई उठून आत गेल्या. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"भूतच असू दे ना, वहिनी. मला जगता तरी येईल."

"आणि उद्या तिथून सायकलवर जो जाईल, त्याला?"

तो त्या दिवशी जेवला नाही.

पुढच्या गर्दीच्या दिवशी डॉक्टरीण बोगद्यापाशी गेली आणि हाक म्हणजे काय, ते तिने सगळ्यांसमोर सांगितलं. बाबा प्रेमळ हसले. फोन हे तर केवळ माध्यम, आत्मा त्यातूनच बोलतो, असं त्यांनी ऐकवलं. गर्दीला हायसं वाटलं. तेवढ्यात गळ्यात हात अडकवलेला दीर पुढे आला.

"माझ्या फोनमध्ये आत्मा नव्हता. तुमचा मंत्र होता. वळणावर आला, आणि तो लावायला मी खाली बघितलं. सरांना मी मारलं."

इतक्यात कुणाच्या तरी खिशात फोन वाजला. सगळ्यांचे हात आपापल्या खिशाकडे गेले, माना खाली झुकल्या. बाबांचीही झुकली.

"हीच ती हाक," डॉक्टरीण म्हणाली. "आता तुम्ही जमिनीवर उभे आहात म्हणून वाचलात. हिच्यावर मंत्र नको, गंडा नको. गाडी सुरू करण्याआधी फोन बंद करा आणि हात पोचणार नाही असा मागे टाका. तुमच्या माणसाला सांगा, पोचलो की बोलतो. फोन उचलला नाही म्हणून रागावलेलं माणूस मी पाहिलंय, मेलेलं नाही. भुताला घाबरू नका. आपली नजर रस्त्यावरून हटते आणि आपल्याला कळतही नाही, त्याला घाबरा."

रांगेतल्या दोघातिघांनी फोन बंद केले. बाकीचे चुळबुळत उभे राहिले आणि कुणीतरी पुन्हा गाडी बाबांपुढे आणून लावली.

दीर वहिनीच्या गाडीत येऊन बसला.

"चौकीवर घ्या," तो म्हणाला. "जबाब बदलायचाय."