विल्फच्या खोलीतलं पितळी चाक

लोर्नाने व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं घर घेतलं आणि ती राणीच तिच्या डोक्यात ठाण मांडून बसली. घर इंग्लंडातल्या हॅलिफॅक्सच्या चढावरचं, धुराने काळवंडलेल्या दगडांचं. दारांच्या मुठी जुन्या, फरशा जुन्या, खोल्या उबदार ठेवणारे बिडाचे अवजड रेडिएटरसुद्धा भंगारवाल्याकडून शोधून आणलेले. राहिले होते ते फक्त रेडिएटरचे व्हॉल्व्ह, म्हणजे त्यांतलं गरम पाणी चालू-बंद करायच्या चाव्या. त्या निवडायला ती नवऱ्याला, नीलला, आणि वडिलांना घेऊन दुकानात गेली.

वडील विल्फ. आई गेल्यापासून लेकीकडेच राहायचे, खालच्या पुढच्या खोलीत. उभा जन्म त्यांनी डोंगरातल्या वळणांवर बस चालवली होती, आणि आता संधिवाताने बोटं अशी वाकली होती की चहाचा कपही दोन्ही हातांत धरावा लागे.

दुकानात त्यांनी एक पांढरी प्लॅस्टिकची चावी उचलली. जाड मूठ, वर ठळक आकडे.

"ही बरी वाटते गं, पोरी."

"डॅड!" लोर्ना खो खो हसली. "राणीच्या डोक्यावर हेल्मेट चढवायचंय का मला?"

दुकानदार हसला, नील हसला, विल्फही हसले आणि त्यांनी चावी जागच्या जागी ठेवून दिली. लोर्नाने घेतले ते पितळी व्हॉल्व्ह, वर रुपयाएवढं गोल चाक आणि कडेला नाजूक नक्षी. विल्फनी एक हातात घेऊन पाहिला आणि "छान आहे" म्हणाले. ते चाक त्यांच्याने फिरलं का, हे बघायला लोर्ना थांबलीच नाही. ती पैसे द्यायला गेली होती.

घर सजलं. शेजारणी येऊन रेडिएटरवर हात फिरवून गेल्या. हौसेला मोल नसतं म्हणतात, आणि ते मोल कोण मोजतं हेही कुणी विचारत नाही. रोज सकाळी लोर्ना तिच्या आईसारखीच सगळ्या खोल्यांच्या खिडक्या उघडून हवा खेळती करी. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून आधी पितळी चाकं गच्च आवळी, मग खिडक्या लावून, चाकं तशीच बंद ठेवून कामावर पळे. आपल्या खोलीतलं चाक डॅड उघडतील की, त्यांना दिवसभर दुसरं काम काय!

नोव्हेंबरात तिला विल्फच्या खोलीतल्या चाकावर ओरखडे दिसले. चांगले खोल, नक्षी खरवडून काढणारे. रात्रीच्या जेवणाला तिने चोर सोडून संन्याशालाच धरलं.

"नील, पकडीने पिळलंस ना ते?"

"मी? बाईसाहेब, तुमच्या चाकांना हात लावायचा तर मी पांढरे हातमोजे घालतो!"

"थट्टा पुरे. पुन्हा कुणी असलं काही केलं, तर बघा."

"सॉरी हं, पोरी," विल्फ ताटातल्या बटाट्याकडे बघत म्हणाले.

लोर्नाने ते कानाआड केलं. त्या मुलखात आपण दुसऱ्याच्या पायावर पाय दिला तरी सॉरी तोच म्हणतो. मीठ मागताना सॉरी, दार उघडताना सॉरी. एवढ्या सॉरींमध्ये एखादी खरीखुरी असेल, हे तिच्या ध्यानीमनी आलं नाही.

नाताळच्या आदल्या दिवशी तिने अक्रोडांचा वाडगा टेबलावर मांडला आणि अक्रोड फोडायचा चिमटा शोधायला लागली. सगळे खण पालथे घातले. शेवटी ती वडिलांना विचारायला गेली. विल्फ खुर्चीत बसले होते, अंगात ओव्हरकोट, गळ्यात मफलर, डोक्याला टोपी.

"कुठे निघालात, डॅड?"

"कुठे नाही गं. जरासं गार आहे, इतकंच."

तिने रेडिएटरला हात लावला. बर्फाचा गोळा. विल्फनी खिशातून चिमटा काढून तिच्यापुढे धरला.

"हा शोधतेस ना? द्यायचा राहिलाच. त्या दिवशी तू बोललीस, तेव्हापासून मी त्या चाकाला लावला नाहीये हं."

चिमट्याच्या दातांत पितळेचा कीस अडकला होता.

सकाळी ते चाक गच्च आवळलं होतं ते लोर्नाने, स्वतःच्या धडधाकट हातांनी, आणि आधीच्या सगळ्या सकाळीही तिनेच. म्हाताऱ्याने कशीबशी वाट काढली होती, तर चार ओरखड्यांपायी तीही तिने बंद केली. तिला स्वतःची शिसारी आली.

"मला हाक का नाही मारलीत?"

"तू एवढ्या हौसेने आणलेलं. म्हटलं, एक स्वेटर जास्तीचा चढवू." मग घाईघाईने, "ओरखडे फार दिसतात का गं?"

तिने ते चाक उघडलं, अगदी शेवटापर्यंत, आणि त्यांचे निळसर पडलेले हात आपल्या हातांत घेतले. दुकान बंद व्हायच्या आत ती पांढरी चावी आणायला तिने नीलला पिटाळलं. सुट्ट्या संपेपर्यंत ती दिवसातून दहादा त्या खोलीत जाऊन रेडिएटर चाचपत राहिली. मग प्लंबर आला.

"राहू दे ना," विल्फ म्हणत होते, "खोलीचं रूप जाईल."

"जाऊ दे, डॅड."

प्लंबर गेल्यावर विल्फनी पांढऱ्या मुठीवर तळहात ठेवला आणि ती फिरवली. एक, दोन, तीन. बिडातून पाणी खळखळलं. मग दारात थांबलेल्या लेकीकडे वळून, दबक्या आवाजात म्हणाले,

"लोर्ना, चारवर केली तर चालेल का गं?"

लहानपणी त्यांच्या बसमध्ये घंटा वाजवण्याआधी ती त्यांना असंच विचारायची. पण तेव्हा तिच्या आवाजात भीती नसायची.